भाजी कोणती करू?



२००८ सालच्या ऑगस्ट महिन्यातली एक सकाळ मला आजही लख्ख आठवते. मिरजेला माझ्या थोरल्या भावाच्या घरी मी आदल्या रात्री पोचले होते. हातात एक पिशवी, तिच्यात दोन साड्या आणि एक वही. सकाळी वहिनीनं स्वयंपाकघरातून सहज विचारलं, "अगं, भाजी कोणती करू? दोडका आहे आणि गवार आहे." मी नुसती उभी राहिले. उत्तर येईना. माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता, हिला कोणतं उत्तर हवंय? वहिनीनं पुन्हा विचारलं, तेव्हा मला चक्क रडू कोसळलं.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. एम. ए., बी. एड. झालेली. चौदा वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. आणि दोडका की गवार, एवढं मला सांगता येत नव्हतं. कारण त्याआधीची अकरा वर्षं मी एका गटात काढली होती आणि तिथं माझं सगळं दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

त्या गटाचं नाव मी इथं घेणार नाही. मला आज तक्रार मांडायची नाही. अशा ठिकाणाहून सुटून आल्यावर माणूस सावरतो कसा, त्याला काय मदत होते आणि कशाचा त्रास होतो, एवढंच सांगायचं आहे. सुटका झाली की गोष्ट संपली, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. खरी गोष्ट त्या सकाळी सुरू झाली.

आधी थोडं मागचं सांगते. १९९७ साली माझे वडील गेले. जमत आलेलं लग्न त्याच वर्षी फिसकटलं. एका ओळखीच्या बाईंनी दोन दिवसांच्या शिबिराला नेलं. व्यक्तिमत्त्व विकास आणि ध्यान, असा विषय होता. अंगारे-धुपारे नव्हते, गंडे-दोरे नव्हते. बँकेतली माणसं, इंजिनिअर, प्राध्यापक, अशी सगळी शिकलेली मंडळी. चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणत. त्या दोन दिवसांत कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. मी हलकी होऊन घरी आले. तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई फसली कशी? मी फसायला गेले नव्हते, मी दुःख घेऊन गेले होते. दुःखाला शिक्षणाची अडचण होत नाही.

पुढं महिन्यातून एक रविवार, मग प्रत्येक रविवार, मग रोजची संध्याकाळ. मग पगाराचा काही भाग, मग सगळा पगार. २००४ साली नोकरी सोडली आणि पुण्याजवळच्या त्यांच्या जागेत राहायलाच गेले. एकदम कुणी काही मागितलं नाही. पायरी एवढी बुटकी असायची, की आपण खाली उतरतोय हे पायाला कळू नये.

आमची एक भाषा होती. मनात शंका आली की तिला 'गाळ' म्हणायचं. बाहेरच्या लोकांना, म्हणजे आई, भाऊ, मैत्रिणी, सगळ्यांना 'काठावरचे' म्हणायचं. सरांना पटेल असं वागलं की माणूस 'निवळला'. रोज रात्री प्रत्येकानं आपला गाळ वहीत लिहायचा आणि शनिवारच्या सभेत तो सगळ्यांपुढं वाचायचा. वाचून झालं की एकेकानं उठून सांगायचं, तू कुठं चुकलीस. सुरुवातीला मी जे मनात येई ते लिहायची. नंतर जे लिहावं लागेल ते मनातच येऊ द्यायची नाही.

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं एक पुस्तक मला पुढं वाचायला मिळालं. १९५०च्या दशकात चीनमध्ये 'विचारसुधारणे'च्या मोहिमेतून गेलेली माणसं हाँगकाँगला येत होती. लिफ्टन यांनी अशा चाळीस जणांच्या, म्हणजे पंचवीस पाश्चात्त्य आणि पंधरा चिनी माणसांच्या, सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९६१ साली पुस्तक लिहिलं. माणसाच्या मनावर पूर्ण ताबा मिळवणाऱ्या वातावरणाची आठ लक्षणं त्यांनी त्यात सांगितली आहेत. कुणाशी बोलायचं यावर नियंत्रण, सतत कबुली द्यायला लावणं, विचार तिथंच थांबवणारे खास शब्द, स्वतःच्या अनुभवापेक्षा गटाचं तत्त्व मोठं मानणं, ही त्यातली काही. वाचताना मला वाटलं, हा माणूस आमच्या शनिवारच्या सभेत बसून गेला होता की काय!

आता मी बाहेर कशी आले ते. त्याचं श्रेय माझ्या दादाला आणि पोस्टकार्डांना आहे. मी तिकडं राहायला गेल्यापासून दादा दर महिन्याला एक कार्ड टाकायचा. तिथं आलेली पत्रं आधी कार्यालयात उघडून वाचली जात. दादाला याचा अंदाज होता, म्हणून तो पाकीट वापरतच नसे. कार्ड कुणीही वाचावं. त्यात ना उपदेश, ना 'परत ये'. अंगणातल्या आंब्याला मोहोर आलाय. आईनं लोणचं घातलंय. कृष्णेला पाणी चढलंय, पण काळजी नाही. आणि शेवटी नेहमी एकच वाक्य, "आम्ही घरीच आहोत." मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. उलट, कार्ड आलं की वहीत लिहायची, आज गाळ आला.

२००८च्या जुलैत कार्ड आलं. आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता बरी आहे. मी चार दिवसांसाठी जाऊ का म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, आधी आठ दिवस या मोहाविषयी लिही. मी आठ दिवस लिहिलं. नवव्या दिवशी पुन्हा विचारलं, तर आणखी आठ दिवस. सोळावा दिवस संपला त्या संध्याकाळी मी वही भरत बसले होते आणि एकाएकी लक्षात आलं, आपण सोळा दिवस आईविषयी एक अक्षर लिहिलेलं नाही. सगळं लिहिलंय ते सरांना काय वाटेल याविषयी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुणाला न सांगता स्वारगेटला आले आणि मिरजेची एसटी पकडली.

घरी आले, पण त्या जागेतून बाहेर पडायला वेळ लागला. पहाटे चारला आपोआप जाग यायची आणि अंथरुणात पडून राहिलं तर अपराधी वाटायचं. सोडून गेलेल्यांचं वाटोळं होतं, हे तिथं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं होतं. त्या पावसाळ्यात मला साधा ताप आला, तर वाटलं, हेच ते. एकदा लक्ष्मी मार्केटमध्ये एका दुकानात चंदनाच्या उदबत्तीचा वास आला आणि मी तिथंच थांबले. डोळे उघडे, पण मन कुठंच नाही. किती वेळ गेला कळलं नाही. दुकानदारानं "बाई, बरं नाही का?" असं विचारलं, तेव्हा भानावर आले.

मला वाटलं, आपल्याला वेड लागतंय. तसं नव्हतं. मार्गारेट सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा गटांतून बाहेर पडलेल्यांशी बोलून १९७९ साली एक लेख लिहिला. त्यात हे सगळं आहे. उदासी, एकटेपणा, निर्णय न घेता येणं, गटाची भीती, अचानक त्या गुंगीत परत जाणं. घरच्यांची नजर सतत आपल्यावर आहे, आपण काचेच्या भांड्यातला मासा झालोय, ही भावनासुद्धा. बहुतेकांना पूर्वीसारखं कामाला लागायला सहा महिने ते दीड वर्ष लागतं, असंही त्या सांगतात. मला त्याहून जास्त लागलं. पण आपल्या त्रासाला काही चाकोरी आहे, दुसरे लोक यातून गेलेत, हे कळल्यावर अर्धी भीती गेली.

आईनं मला काही विचारलं नाही. ती पलंगावर होती. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढं मेथीची जुडी सरकवली आणि म्हणाली, "निवड." मी मेथी निवडत बसले. ती २०११ साली गेली. तीन वर्षांत त्या अकरा वर्षांबद्दल तिनं एक प्रश्न विचारला नाही. नातेवाइकांनी मात्र सगळे विचारले. "एवढी शिकलेली असून?" हा त्यातला सगळ्यांचा आवडता. अशा माणसाला हा प्रश्न विचारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो स्वतःला तोच प्रश्न रात्रंदिवस विचारत असतो.

तीन महिन्यांनी दादा मला एका मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक बाक होता. ते म्हणाले, "बसा." मी उभी. कुठं बसायचं हे ते सांगतील म्हणून वाट पाहत राहिले. त्यांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी सांगितलं नाही. बराच वेळ गेल्यावर मी बाकावर बसले. ते हसून म्हणाले, "छान. आजचं काम झालं." मला राग आला. मला वाटलं होतं हे सांगतील, असं करा, तसं करा. मी एक सर सोडून दुसरे सर शोधत होते आणि हे गृहस्थ सर व्हायला तयार नव्हते.

झोपेसाठी त्यांनी काही दिवस गोळी दिली. बाकी उपचार म्हणजे बोलणं. पुढच्या भेटीत मी माझी जुनी वही घेऊन गेले आणि त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. म्हणाले, "नवी वही घ्या. रोज लिहा. पण ती मला दाखवायची नाही. कुणालाच दाखवायची नाही." मी सात-आठ दिवस कोऱ्या पानाकडे बघत बसले. कुणी वाचणारच नसेल, तर लिहायचं काय? नवव्या दिवशी लिहिलं, 'आज उकडतंय.' माझं स्वतःचं, कुणासाठीही नसलेलं ते पहिलं वाक्य होतं.

दुसरा गृहपाठ होता रोज एक निर्णय. छोटासा. चहा की कॉफी. बाजारात या रस्त्यानं की त्या. एकदा मी एकटीनं जाऊन चप्पल घेतली. चावली. आठवडाभर टाच सोलली. वहिनी म्हणाली, "बदलून आणूया का?" मी म्हटलं, "नको." मला त्या चपलेचं फार कौतुक होतं. मी चुकले होते आणि कुणी सभा भरवली नव्हती.

आता दादाची एक चूक सांगते. तो आज हे ऐकतोय आणि त्याची परवानगी आहे. मी येऊन पाच महिने झाले होते. माझ्या जुन्या वहीत सरांचा एक फोटो होता. दादाला तो सापडला आणि त्यानं तो मला न विचारता फाडून टाकला. मला कळलं तेव्हा मी आरडाओरडा केला, पिशवी भरली आणि सरळ मिरजेच्या स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली होती. दादा मागून धावत आला. तो "चल घरी" म्हणाला नाही. माझ्या शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "माझं चुकलं. फोटो तुझा होता. फाडायचा की ठेवायचा, हे तू ठरवायचं होतंस. गाडीत बसायचं की नाही, तेही तूच ठरव." गाडी गेली. आम्ही दोघं बराच वेळ तिथंच बसलो. मग मीच म्हटलं, "भूक लागली."

सावरण्याचं मर्म मला त्या बाकावर कळलं. त्या गटानं माझ्याकडून पैसे घेतले, वर्षं घेतली, पण सगळ्यात मोठी गोष्ट घेतली ती ठरवण्याची सवय. ती सवय दुसरा कुणी माझ्या वतीनं परत आणू शकत नव्हता. अगदी प्रेमानंसुद्धा नाही. घरच्यांनी माझ्या भल्यासाठी माझे निर्णय घेतले असते, तर फक्त सर बदलले असते.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. मला तिथली आठवण येत होती. पहाटेचं ते एकत्र गाणं, आजारी पडलं तर उशाशी बसणाऱ्या बायका. ते सगळंच खोटं होतं, असं घरचे म्हणायचे. मला ते पटत नव्हतं आणि पटत नाही म्हणून लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले, "गेल्याचं दुःख करा. माणसं खरी होती." ज्युडिथ हर्मन या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९९२ साली आघातातून सावरण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तीन टप्पे सांगितलेत. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, आणि मग पुन्हा माणसांत येणं. मधला टप्पा आपण गाळायला बघतो. 'झालं गेलं विसर' म्हणतो. पण जे आपण रडून मोकळं केलेलं नाही, ते विसरताही येत नाही.

गाणं माझं बंद पडलं होतं. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. एका दुपारी मी तिथून जाताना एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. तार छेडायची, ऐकायचं, घोडी किंचित घासायची, पुन्हा ऐकायचं. मी दारात उभी राहून ऐकत राहिले. हा आवाज ऐकून काय वाटायला हवं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी रोज जायला लागले. २०१० साली एका शिक्षिकेकडे गाणं शिकायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मला पटलं नाही तर सोडून जाता येईल ना?" त्या बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, "जाता येईल की. फी मात्र महिन्याची द्यावी लागेल." मला फार हायसं वाटलं.

म्हणून मी भजनी मंडळाला, ध्यानाच्या वर्गाला, शिबिराला सरसकट नावं ठेवत नाही. आपल्याकडं लाखो माणसं वारीला जातात. दिंडीची शिस्त कडक असते, पण आषाढी झाली की वारकरी घरी परततो, पेरणी बघतो, नातवंडांना प्रसाद देतो. घर सोड, असं त्याला कुणी म्हणत नाही. कोणत्याही गटाविषयी मी आता दोनच गोष्टी पाहते. इथं प्रश्न विचारता येतो का? आणि इथून भांडण न होता निरोप घेता येतो का?

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात जड. २००३ साली मी माझ्या शाळेतल्या एका तरुण सहकारी बाईंना त्या शिबिराला नेलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. तिला यायचं नव्हतं. मीच मागं लागले. आज मी बाहेर आहे आणि ती आत आहे. मी आले त्यानंतर एकदा फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही काठावरच्या झालात, ताई," आणि फोन ठेवला. माझी फसवणूक झाली हे खरं, आणि मी तिला तिकडं नेलं हेही खरं. अपराधाची ही गाठ डॉक्टरांपुढं सुटली नाही. ते म्हणाले, ती सुटेलच असं नाही, पण तिचं काय करायचं हे तुम्ही ठरवू शकता.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांचा १९५०च्या दशकातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका खोलीत सगळे जण ठरवून रेघेची लांबी चुकीची सांगतात. खरं काय हे डोळ्यांना दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी इतरांसारखं चुकीचं उत्तर देतात. पण खोलीत एक जण जरी बरोबर उत्तर देणारा असला, तरी चुका झपाट्यानं कमी होतात. एक जण पुरतो. माझ्यासाठी तो एक जण दर महिन्याला पोस्टकार्डानं येत होता.

तुमच्या घरातलं कुणी असं दूर गेलं असेल, तर भांडून दार लावून घेऊ नका. वाद घालू नका, पैसे मात्र देऊ नका, आणि साधं काहीतरी लिहीत राहा. कुणी परत आलं असेल, तर त्याला वेळ द्या आणि भाजी कोणती हे त्यालाच ठरवू द्या. गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जा. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून आहे, तिचा क्रमांक १४४१६. तिथं मराठीतून बोलता येतं.

मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक कार्ड टाकते. सतराव्या वर्षात आहे आता. उत्तर आलेलं नाही. तिथं रेडिओ नसतो, त्यामुळं हे तिच्यापर्यंत पोचणार नाही. या महिन्याचं कार्ड काल टाकलं. त्यात लिहिलंय, की दारातली बकुळ यंदा खूप फुलली, वहिनीचे गुडघे दुखतात, आणि मी सध्या यमन पुन्हा पहिल्यापासून शिकते आहे. शेवटी लिहिलंय, "मी घरीच आहे."

एवढंच सांगायचं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)